पूर्ण जबड्याचे दंतरोपण आणि तात्पुरता ब्रिज : निर्णयापासून कायमच्या दातांपर्यंत

एका जबड्यातील सगळे दात गेलेले असतील, किंवा उरलेले दात वाचवण्यापलीकडे गेले असतील, तर हाडात चार ते सहा इम्प्लांट, म्हणजे दाताच्या मुळाचे काम करणारे टायटॅनियमचे स्क्रू, बसवून त्यांच्या आधाराने संपूर्ण दंतपंक्ती पक्की बसवता येते. या एकसंध दंतपंक्तीला ब्रिज म्हणतात. या उपचाराची ओळख बहुतेकांना ‘एका दिवसात दात’ अशा शब्दांत होते. त्या शब्दांत तथ्य आहे, कारण योग्य रुग्णाला शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा पुढच्या काही दिवसांत स्थिर दात मिळू शकतात. मात्र ते दात तात्पुरते असतात आणि कायमचे दात बसेपर्यंत साधारण तीन ते सहा महिने जातात. हा मधला काळ नुसता वाट पाहण्याचा आहे असे समजून अनेक जण त्याकडे दुर्लक्ष करतात. प्रत्यक्षात इम्प्लांट टिकणार की नाही आणि कायमचे दात अंगवळणी पडणार की नाही, हे बऱ्याच अंशी याच महिन्यांत ठरते. म्हणूनच येथे तात्पुरत्या ब्रिजला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

हाडात नेमके काय घडते

स्वीडनमधील संशोधक पेर-इंग्वार ब्रॉनमार्क यांना १९५० च्या दशकात सशाच्या हाडावर प्रयोग करताना आढळले की टायटॅनियमचा भाग हाडाशी इतका एकजीव होतो की तो सहजी काढता येत नाही. याच गुणाचा उपयोग करून त्यांनी १९६५ मध्ये पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. आजचे सारे दंतरोपण या एकजीव होण्यावर उभे आहे आणि त्याला वेळ लागतो. खालच्या जबड्याचे हाड घट्ट असल्यामुळे तेथे साधारण तीन-चार महिने पुरतात, तर वरच्या जबड्याचे हाड सच्छिद्र असल्यामुळे तेथे चार ते सहा महिने लागू शकतात.

बसवल्या दिवशी इम्प्लांट घट्ट असतो तो केवळ स्क्रूच्या आट्यांनी हाड पकडून ठेवल्यामुळे. पुढच्या काही आठवड्यांत त्या आट्यांभोवतीचे जुने हाड शरीर हळूहळू झिजवते आणि त्या जागी नवे हाड घालते. त्यामुळे सुरुवातीची पकड कमी झालेली आहे आणि नवी पकड अजून पुरेशी आलेली नाही, असा एक टप्पा येतो. तो साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या आसपास असतो आणि त्या वेळी इम्प्लांट सर्वांत नाजूक अवस्थेत असतो. या काळात तो एका मिलिमीटरच्या दशांशाहून थोडासा जास्त जरी वारंवार हलत राहिला, तरी त्याच्याभोवती हाडाऐवजी मऊ तंतुमय पेशी तयार होण्याचा धोका असतो, आणि असा इम्प्लांट पुढे काढावाच लागतो.

तात्पुरत्या ब्रिजचे खरे काम येथे लक्षात येते. मोडलेल्या हाडाला प्लास्टर जसे धरून ठेवते, तसा हा ब्रिज जबड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सर्व इम्प्लांट एकमेकांशी बांधून ठेवतो, त्यामुळे एका जागी पडलेला दाब सगळ्यांत वाटला जातो आणि कोणताही एक इम्प्लांट एकटा हलत नाही. दिसायला दात मिळणे हा त्याचा दुसरा लाभ आहे.

निर्णय घेण्यापूर्वी

पहिला प्रश्न असा की उरलेले दात खरोखर काढण्याजोगे आहेत का. काढलेला दात परत येत नाही. म्हणून काही दात बळकट असताना ‘सगळे काढून पूर्ण ब्रिज बसवू’ असा सल्ला मिळाला, तर दुसऱ्या दंतवैद्याचे, शक्यतो हिरड्यांच्या तज्ज्ञाचे, मत अवश्य घ्यावे. सोयीसाठी निरोगी दात काढणे मला कोणत्याही परिस्थितीत समर्थनीय वाटत नाही.

दुसरा प्रश्न पर्यायांचा आहे. खालच्या जबड्यात केवळ दोन इम्प्लांटवर अडकणारी, काढता-घालता येणारी कवळी हा साधा आणि भरवशाचा उपाय आहे. २००२ मध्ये मॉन्ट्रियल येथे जमलेल्या तज्ज्ञांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी तोच पहिला पर्याय असावा असे मत मांडले होते. ज्यांच्या हातांना कंप आहे, दृष्टी कमी आहे किंवा जे स्वच्छतेसाठी दुसऱ्यावर अवलंबून आहेत, त्यांच्यासाठी बाहेर काढून धुता येणारी कवळी पक्क्या ब्रिजपेक्षा बरी. वरच्या जबड्यात आणखी एक मुद्दा येतो. हाड फार झिजले असेल तर वरचा ओठ आत बसतो, आणि त्याला पुढे उचलून धरण्यासाठी हिरडीसारखा गुलाबी पाखा लागतो. पक्क्या ब्रिजला असा मोठा पाखा जोडला तर त्याच्याखाली ब्रश पोहोचत नाही. अशा चेहऱ्याला काढता येणारी रचना अधिक शोभते आणि अधिक स्वच्छही राहते.

आरोग्याची माहिती देताना काहीही वगळू नये. मधुमेह असल्यास गेल्या काही महिन्यांची साखर दाखवणारी एचबीए१सी तपासणी सोबत न्यावी. हाडांच्या ठिसूळपणासाठी किंवा कर्करोगासाठी बिस्फॉस्फोनेट अथवा डेनोसुमॅब ही औषधे घेतली असतील, पूर्वी घेतलेली असली तरीही, ते स्पष्ट सांगावे, कारण त्यांमुळे जबड्याच्या हाडाची जखम भरून न येण्याचा धोका असतो. डोक्या-मानेला किरणोपचार झाले असल्यास तेही सांगावे. रक्त पातळ करणारी औषधे स्वतःहून बंद करू नयेत. तो निर्णय ती औषधे देणाऱ्या डॉक्टरांनी घ्यायचा असतो. धूम्रपानाने इम्प्लांट निकामी होण्याची शक्यता वाढते, आणि ते शस्त्रक्रियेपुरते थांबवणे पुरेसे नसते.

नियोजनासाठी सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) लागतो, कारण हाडाची उंची, रुंदी, खालच्या जबड्यातून जाणारी नस आणि वरच्या दाढांच्या डोक्यावरील सायनसची पोकळी साध्या चित्रात त्रिमितीत दिसत नाही. मागच्या बाजूला हाड कमी असेल तर मागचे दोन इम्प्लांट तिरपे, कधीकधी ४५ अंशांपर्यंत कलवून बसवतात. पोर्तुगालमधील दंतवैद्य पाउलो मालो यांनी १९९० च्या दशकात विकसित केलेल्या चार इम्प्लांटच्या पद्धतीत हीच युक्ती आहे. कललेल्या इम्प्लांटमुळे नस किंवा सायनस टळते आणि त्याचे तोंड अधिक मागे येत असल्याने ब्रिजचा मागे अधांतरी राहणारा भाग आखूड होतो.

मनमोकळे हसताना वरची हिरडी किती दिसते, हेही याच वेळी पाहून घ्यायला हवे. ब्रिज आणि खरी हिरडी जेथे मिळतात ती रेषा हसताना ओठाखाली झाकली गेली पाहिजे. त्यासाठी, तसेच ब्रिजला पुरेशी जाडी मिळावी म्हणूनही, काही वेळा हाडाची कड तासून कमी करावी लागते. हे हाड कायमचे जाते, म्हणून किती तासणार आणि का, हे आधीच विचारावे. छायाचित्र काढून घेताना बेतशीर स्मित न देता खळखळून हसावे, नाहीतर मोजमाप चुकते.

शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: शस्त्रक्रियेच्या वेळी इम्प्लांटना अपेक्षित पकड मिळाली नाही तर काय? लगेच ब्रिज जोडण्यासाठी साधारण ३५ न्यूटन-सेंटिमीटर (इम्प्लांट आवळताना लागणाऱ्या जोराचे माप) इतकी पकड अपेक्षित धरली जाते. ती न मिळाल्यास इम्प्लांट हिरडीखाली झाकून ठेवणे आणि तोवर आतून मऊ अस्तर लावलेली साधी कवळी वापरणे हाच सुरक्षित मार्ग असतो. ही शक्यता आधीच मान्य करून शस्त्रक्रियेला जावे. पकड कमी असताना रुग्णाच्या आग्रहाखातर ब्रिज जोडणारा दंतवैद्य रुग्णाचे हित पाहत नसतो.

शस्त्रक्रियेचा दिवस

जागेवर भूल देऊन, हवी असल्यास गुंगीच्या औषधाची जोड देऊन, उरलेले दात काढले जातात, हाड नीट केले जाते आणि इम्प्लांट बसवले जातात. त्यांच्या डोक्यावर अॅबटमेंट नावाचे जोडभाग येतात, जे तिरप्या इम्प्लांटचे तोंड सरळ करतात. नंतर आधीच तयार ठेवलेली अॅक्रिलिक या प्लास्टिकची कवळी तोंडात बसवून, धातूच्या नळकांड्यांभोवती राळ ओतून ती इम्प्लांटशी जोडली जाते, आणि पाखे कापून, घासून, चकचकीत करून तिचाच ब्रिज केला जातो. काही ठिकाणी तोंडाचे स्कॅन घेऊन पीएमएमए या प्लास्टिकच्या ठोकळ्यातून ब्रिज कोरून घेतात, आणि तो सहसा अधिक मजबूत निघतो. स्क्रूची छिद्रे टेफ्लॉनची पट्टी आणि भरण घालून बुजवली जातात.

तात्पुरत्या ब्रिजमध्ये बहुधा दहा ते बाराच दात असतात आणि मागे अधांतरी भाग ठेवत नाहीत, किंवा ठेवलाच तर अगदी आखूड ठेवतात. मागची दाढ दिली नाही म्हणून नाराज होऊ नये. शेवटच्या इम्प्लांटच्या मागे लटकणाऱ्या दाढेवर चावल्यास तोच इम्प्लांट उचकटला जातो, म्हणून ती जाणूनबुजून वगळलेली असते.

पहिले दोन आठवडे

सूज साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते आणि मग उतरू लागते. पहिल्या दिवशी बाहेरून थंड शेक द्यावा, झोपताना डोके उंच ठेवावे, जोराने चुळा भरू नयेत आणि तोंडाने ओढून पिण्याची नळी वापरू नये. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचे द्रावण सांगितले असल्यास ते तोंडात हलकेच फिरवून सोडावे. दीर्घकाळ वापरल्यास त्याचे डाग पडतात, म्हणून सांगितलेल्या मुदतीपुरतेच वापरावे. भुलीचा परिणाम ओसरल्यावरही खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर राहिली, तर टाके काढण्याच्या तारखेपर्यंत थांबू नये, त्याच दिवशी कळवावे. सूज उतरून पुन्हा वाढणे, ताप येणे किंवा पू दिसणे यांबाबतही हेच करावे.

दुखत नाही म्हणून बरे झाले असे नाही

या उपचारातील सर्वांत मोठा सापळा असा आहे की हाड जेव्हा सर्वांत नाजूक असते, नेमके तेव्हाच रुग्णाला सर्वांत बरे वाटत असते. टाके निघालेले असतात, सूज नसते, दात घट्ट वाटतात आणि किती तरी काळानंतर चावून खाण्याची इच्छा होते. खऱ्या दाताभोवती तंतूंचे अस्तर असते, आणि दाब वाढला की ते मेंदूला सूचना देते. इम्प्लांटभोवती असे अस्तर नसते. त्यामुळे आपण किती जोराने चावतो आहोत याचा अंदाज येत नाही आणि हानी होत असतानाही वेदना होत नाही.

म्हणून खाण्याचा नियम भुकेवर किंवा दुखण्यावर न ठेवता दिनदर्शिकेवर ठेवावा. पहिले काही दिवस पातळ आणि गिळता येण्यासारखे अन्न घ्यावे. त्यानंतर निदान सहा ते आठ आठवडे, आणि दंतवैद्याने सांगितल्यास पूर्ण तीन महिने, मऊ अन्नच खावे. मऊ म्हणजे काय याची सोपी कसोटी अशी की जे जिभेने टाळूवर दाबले असता मोडते, ते चालते. ज्याला दातांनी तोडावे, ओढावे किंवा फोडावे लागते, ते चालत नाही. पुढच्या दातांनी तुकडा तोडू नये. सुरीने लहान फोडी करून दोन्ही बाजूंनी सावकाश खावे. नखे कुरतडणे, दोरा तोडणे, पाकीट फाडणे अशा सवयींचाही याच यादीत समावेश होतो. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर ती पहिल्याच भेटीत सांगितलेली असावी, कारण आठ तासांच्या झोपेत पडणारा दाब दिवसभराच्या पथ्यावर पाणी फिरवू शकतो.

स्वच्छतेची सुरुवात मऊ ब्रशने ब्रिजच्या वरच्या भागापासून होते. जखमेला स्पर्श केव्हा करायचा ते दंतवैद्य सांगतात. टाके निघाल्यावर ब्रिज आणि हिरडी यांमधील फट रोज साफ करावी लागते. त्यासाठी एक टोक कडक आणि मधला भाग जाड असलेला फ्लॉस (फटीतून फिरवायचा दोरा), दातांमधील फटींचे लहान ब्रश, आणि परवानगी मिळाल्यावर कमी दाबावर ठेवलेला पाण्याच्या धारेचा फ्लॉसर वापरतात. या गोष्टी कागदावर समजत नाहीत. आरशासमोर बसून, दंतवैद्यासमोर स्वतःच्या हाताने एकदा करून दाखवाव्यात. काही महिन्यांत हिरडी आक्रसते आणि फट वाढते. हे अपेक्षित असते, आणि कायमचा ब्रिज त्या बदललेल्या हिरडीला धरून बनवता यावा म्हणूनही वाट पाहिली जाते.

तात्पुरता ब्रिज ही कायमच्या दातांची तालीम आहे

अॅक्रिलिक घासता येते आणि त्यात भरही घालता येते. कायमच्या ब्रिजसाठी वापरला जाणारा झिर्कोनिया हा सिरॅमिक पदार्थ एकदा भाजून तयार झाला की फारसे काही बदलता येत नाही. म्हणून जे खटकते ते या महिन्यांतच सांगावे, आणि त्यासाठी एक छोटी नोंदवही ठेवावी.

उच्चारांपासून सुरुवात करावी. पहिल्या आठवड्यात बोबडेपणा येतोच, पण रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचल्यास जीभ नव्या जागेला सरावते. काही आठवड्यांनंतरही ‘स’ आणि ‘श’ शिट्टीसारखे येत असतील, तर पुढच्या दातांची ठेवण किंवा त्यांच्या मागची जाडी तपासावी लागते. ‘व’ म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांच्या कडेवर अडखळत असेल, तर त्या दातांची लांबी किंवा पुढे आलेली ठेवण पाहावी लागते. ‘प’, ‘ब’, ‘म’ म्हणताना ओठ मिटायला कष्ट पडत असतील किंवा बोलताना वरचे-खालचे दात एकमेकांवर टकटक आपटत असतील, तर दातांची एकूण उंची जास्त झाली असण्याची शक्यता असते. याउलट उंची कमी असेल तर चेहऱ्याचा खालचा भाग दबलेला दिसतो.

त्यानंतर चेहरा पाहावा. दातांची मधली रेषा चेहऱ्याच्या मध्याशी जुळते का, ओठ स्थिर असताना दात किती दिसतात, एका बाजूची कड खाली उतरली आहे का, हे आरशापेक्षा हसत-बोलत असतानाच्या चलचित्रात अधिक स्पष्ट कळते. घरातील ज्या व्यक्तीच्या नजरेवर विश्वास आहे, तिला तपासणीच्या वेळी सोबत न्यावे. गाल किंवा जीभ वारंवार चावली जाणे, एका बाजूला आधी टेकणे, सकाळी जबडा आखडलेला असणे, याही नोंदी महत्त्वाच्या आहेत.

ब्रिज तडकला किंवा तुटला, तर ती केवळ दिसण्याची अडचण मानू नये. तुटल्या क्षणी इम्प्लांट एकमेकांपासून सुटे झालेले असतात आणि दाब एकेकट्यावर पडू लागतो. म्हणून त्याच दिवशी दंतवैद्याशी बोलावे, तोवर केवळ पातळ अन्न घ्यावे आणि घरातला कोणताही गोंद लावू नये. चावताना बारीक हालचाल जाणवणे, टिकटिक आवाज येणे किंवा अचानक वाईट चव आणि वास येणे, ही स्क्रू सैल झाल्याची चिन्हे असू शकतात. सैल स्क्रू वेळीच आवळला तर बहुधा तेवढ्यावर निभावते. एखादा इम्प्लांट मात्र निकामी झालाच, तर तो काढून, जागा भरू देऊन पुन्हा बसवता येतो. त्यात उशीर होतो, पण सारा उपचार बुडत नाही.

कायमच्या ब्रिजकडे

मुदत भरल्यावर तात्पुरता ब्रिज उतरवून प्रत्येक इम्प्लांट वेगळा तपासला जातो आणि एक्स-रे काढला जातो. ही पायरी गाळून थेट माप घेतले जात असेल तर का, ते विचारावे. माप घेताना सर्व इम्प्लांटच्या जागा एका ताठ चौकटीत जोडून पडताळणे आवश्यक असते, कारण कायमची चौकट कुठलाही ताण न देता आपसूक बसली पाहिजे. एका टोकाचा एकच स्क्रू आवळल्यावर दुसऱ्या टोकाला फट पडली, तर ती चौकट चुकली आहे. खऱ्या दातांना जशी किंचित सरकण्याची मुभा असते, तशी इम्प्लांटना नसते. बळाने आवळलेली चौकट पुढे स्क्रू सैल करते किंवा तोडते.

सामग्रीत टायटॅनियमच्या चौकटीवर अॅक्रिलिकचे दात आणि अखंड झिर्कोनिया हे दोन पर्याय प्रामुख्याने समोर येतात. अॅक्रिलिक हलके असते आणि चावताना दाब थोडा मऊ जाणवतो, पण ते झिजते, डागाळते आणि दात सुटूही शकतात. मात्र दुरुस्ती सोपी असते. झिर्कोनिया कठीण, गुळगुळीत आणि डाग न धरणारा असतो, पण तो तडकल्यास बहुधा नव्यानेच करावा लागतो. विरुद्ध जबड्यात, म्हणजे ज्यावर हे दात टेकणार तेथे, काय आहे यावरही निवड ठरते. कोणताही पर्याय निवडला तरी अंतिम ब्रिज बनवण्याआधी त्याच आकाराचा प्लास्टिकचा नमुना तोंडात लावून, काही दिवस वापरून पाहण्याचा आग्रह धरावा. दात खाण्याची सवय असलेल्यांनी रात्रीचा संरक्षक साचाही त्याच वेळी करून घ्यावा.

जुना तात्पुरता ब्रिज टाकून देऊ नये. तो दंतवैद्याकडून मागून घ्यावा आणि स्वच्छ करून जपून ठेवावा. कायमचा ब्रिज कधी दुरुस्तीसाठी प्रयोगशाळेत गेला, तर त्या दिवसांत तोच तोंडात बसवता येण्याची शक्यता असते.

कायमचे दात बसल्यावर तपासणीच्या तारखा दंतवैद्य जोखमीनुसार ठरवतात. हिरड्यांचा आजार पूर्वी असलेल्यांना दर तीन-चार महिन्यांनी आणि इतरांना साधारण सहा महिन्यांनी बोलावले जाते, आणि हाडाची पातळी पाहण्यासाठी मधूनमधून एक्स-रे काढतात. इम्प्लांटभोवतीचा संसर्ग बराच काळ दुखत नाही, म्हणून ब्रश करताना रक्त येणे हे दुर्लक्षिण्याजोगे लक्षण नाही. उपचार संपताना इम्प्लांट कोणत्या कंपनीचे आहेत, प्रत्येकाचा व्यास, लांबी आणि बॅच क्रमांक काय, आणि अॅबटमेंट व स्क्रू कोणत्या प्रकारचे आहेत, याची लेखी नोंद मागून घ्यावी. दहा वर्षांनी दुसऱ्या गावी, दुसऱ्या दंतवैद्याकडे सैल झालेला स्क्रू आवळायची वेळ आली, तर नेमके कोणते हत्यार लागेल हे त्याला त्या नोंदीवरूनच कळते.